न्यायाधीश कोण नेमतो?

कोर्ट म्हटले की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे तालुक्याचे कोर्ट उभे राहते. बाहेर झाडाखाली बसलेला अर्ज लिहिणारा, काळ्या कोटातले वकील, दारातून शिपायाने दिलेली नावाची हाक आणि शेवटी 'पुढची तारीख'. त्यापलीकडचे हायकोर्ट आणि दिल्लीचे सुप्रीम कोर्ट म्हणजे पेपरात वाचायची गोष्ट. आमदारकीचे तिकीट कोणाला मिळणार यावर आपण रात्र रात्र जागवतो. नगरसेवकाच्या निवडणुकीत तर एकाच गल्लीत दोन गट पडतात. परंतु आरक्षण, बढती, शिष्यवृत्ती, ॲट्रॉसिटी, झोपडीखालची जागा या सर्वांवर शेवटचा शब्द लिहिणारी माणसे त्या खुर्चीपर्यंत कोणत्या वाटेने जातात, याची चौकशी विहारातल्या कुठल्याही बैठकीत होताना आम्ही ऐकलेली नाही.

ही चौकशी का केली पाहिजे, ते एका प्रकरणावरून सांगतो.

कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील एका मागासवर्गीय कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी प्रतिकूल शेरे मारले. त्याने ॲट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार केली. प्रकरण वर्षानुवर्षे फिरत सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि २० मार्च २०१८ रोजी दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्या एका तक्रारीचा निकाल देताना साऱ्या देशासाठी नियम घालून दिले. सरकारी नोकराला अटक करायची तर त्याला नेमणाऱ्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी, इतरांच्या बाबतीत जिल्हा पोलीसप्रमुखाची. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करता येईल. अटकपूर्व जामिनाचा दरवाजाही उघडा. साहेबाला अटक करण्यासाठी साहेबाच्या साहेबाची परवानगी म्हणजे काय, हे ज्याने कचेरीत चार वर्षे काढली आहेत त्याला समजावून सांगावे लागत नाही.

पुढचे आपल्या सर्वांच्या आठवणीत आहे. २ एप्रिल २०१८ चा भारत बंद झाला. उत्तरेकडच्या राज्यांत काही जणांचे प्राण गेले. ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यात कलम १८-अ घालून तो निकाल निष्प्रभ केला आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ते नियम मागे घेतले.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. २० मार्च २०१८ या दिवशी सर्वोच्च न्यायालयात अनुसूचित जातीचा एकही न्यायमूर्ती नव्हता. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन मे २०१० मध्ये निवृत्त झाले, त्यानंतर मे २०१९ मध्ये न्या. भूषण गवई येईपर्यंत नऊ वर्षे ती जागा रिकामीच होती. २०१९ मध्ये ज्या तिघांनी नियम मागे घेतले त्यांत न्या. गवई होते. एका माणसामुळे निकाल फिरला असे आम्ही म्हणणार नाही, तो इतर दोघांवर अन्याय होईल. २०१८ च्या खंडपीठाच्या हेतूवरही आमचा आरोप नाही. एवढेच म्हणतो की, फिर्याद लिहून घ्यायलाच आपल्या माणसाच्या चपला किती झिजतात, हे दुपारच्या जेवणाच्या वेळी शेजारच्या खुर्चीवरून सांगणारा एकही सहकारी त्या वेळी त्या इमारतीत नव्हता.

आमचे वडील रेल्वेत गँगमन होते, शिक्षण चौथीपर्यंत. बंदच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आम्हांला विचारले, "अरे, कायदा पार्लमेंटनं केला ना? मग तो ढिला करनारे हे दोघं कोन? यांना कोनी निवडलं?"

"कोनीच नाही, दादा," आम्ही म्हणालो, "आणि निवडून आलेले न्यायाधीश तुम्हांला नकोच आहेत. उद्या मतांसाठी ज्याला गावातल्या मोठ्या आळीच्या दारात उभे राहावे लागते तो तुमच्या बाजूने निकाल कसा देणार?"

त्यांना हे पटले. पण मग त्यांना नेमतो कोण, हा प्रश्न उरलाच, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

घटना समितीत यावर चर्चा झाली तेव्हा काही सभासदांचे म्हणणे होते की, सरन्यायाधीशांच्या संमतीशिवाय नेमणूक होऊच नये. २४ मे १९४९ रोजी बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिले. न्यायसंस्था सरकारपासून स्वतंत्र असावी आणि लायक माणसांची असावी, यावर दुमत नाही, असे त्यांनी आधी स्पष्ट केले. मग दोन टोके दाखवली. इंग्लंडात सगळी सत्ता सरकारकडे, अमेरिकेत सिनेटची मंजुरी. पहिल्यात धोका, दुसऱ्यात राजकारण. म्हणून मधली वाट धरली: नेमणूक राष्ट्रपतींनी करावी, पण न्यायाधीशांशी विचारविनिमय करून. आणि सरन्यायाधीशांना नकाराधिकार द्यायला ते तयार झाले नाहीत. सरन्यायाधीश मोठा माणूस खरा, पण तोही माणूसच. सामान्य माणसाचे गुणदोष, आवडीनिवडी, पूर्वग्रह त्यालाही असतात. जो अधिकार आपण राष्ट्रपतीला आणि सरकारला एकहाती देत नाही तो त्याला एकट्याला कसा द्यावा, असा त्यांचा मुद्दा होता. जातीच्या समाजात पूर्वग्रह ही काय चीज आहे, हे त्यांच्याइतके त्या सभागृहात कोणाला ठाऊक असणार!

ही मधली वाट प्रथम सरकारने मोडली. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला, संसदेलाही घटनेचा मूळ ढाचा मोडता येणार नाही असे ठरले, आणि दुसऱ्याच दिवशी न्या. शेलाट, न्या. हेगडे, न्या. ग्रोव्हर या तीन ज्येष्ठांना डावलून न्या. ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केल्याचे जाहीर झाले. तिघांनीही राजीनामे दिले. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, बेकायदा अटकेविरुद्ध नागरिकाला न्यायालयात दाद मागता येणार नाही असा निकाल चार न्यायमूर्तींनी दिला, एकट्या न्या. एच. आर. खन्ना यांनी विरोधी मत लिहिले. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठता त्यांची असताना सरन्यायाधीशपद न्या. बेग यांना मिळाले आणि खन्ना राजीनामा देऊन घरी गेले. सेवाज्येष्ठता यादी ओलांडून खालच्या माणसाला वर घेणे म्हणजे काय, हे कोणत्याही कचेरीत कळते. तिथे ज्याला डावलले तो एकटा सोसतो. इथे मात्र बाकीच्या सगळ्या न्यायाधीशांना न बोलता निरोप गेला.

पुढे १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानेच शेवटचा शब्द सरकारचा असे मान्य केले. मग ६ ऑक्टोबर १९९३ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते बहुमताने फिरवले. 'विचारविनिमय' याचा अर्थ 'संमती' असा लावला गेला. १९९८ साली पाच ज्येष्ठ न्यायमूर्तींचे मंडळ ठरले. यालाच कॉलेजियम किंवा न्यायवृंद म्हणतात. हा शब्द घटनेत शोधून सापडत नाही.

म्हणजे १९४९ साली बाबासाहेबांनी विचार करून जे नाकारले होते, ते चव्वेचाळीस वर्षांनी एका निकालाने आले. सरकारने केलेल्या आगळिकीमुळे आले, हेही खरे. आपल्या लोकांत या विषयावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतात, कॉलेजियम मोडा. दुसरे म्हणतात, सरकारच्या हाती गेले तर संपलेच. आम्हांला दोन्ही गोष्टी अपुऱ्या वाटतात. त्याचे कारण आमच्या रोजच्या कामात आहे.

आम्ही एका निमसरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत कारकून आहोत. बिंदुनामावलीचे रजिस्टर आमच्याकडे असते. शिपायाची एक जागा भरायची झाली तरी आधी त्या जागेचा बिंदू कोणता ते बघावे लागते. नामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासून आणावी लागते. मग जाहिरात, अर्ज, छाननी, पात्र-अपात्रतेची यादी, निवडयादी, प्रतीक्षायादी. यादी फलकावर लागते. ज्याचे नाव नाही तो येऊन विचारतो, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो, आणि आम्हांला उत्तर द्यावे लागते. या रजिस्टरात लबाड्या होत नाहीत असे आम्ही मुळीच म्हणत नाही, आम्ही त्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. पण रजिस्टर आहे म्हणूनच लबाडी पकडता येते.

हायकोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी यातला एकही कागद नाही. घटनेच्या २१७ व्या कलमात दहा वर्षे हायकोर्टात वकिली, किंवा दहा वर्षे न्यायिक पद, एवढी पात्रता लिहिली आहे. त्या पात्रतेचे वकील हजारो आहेत. त्यांतले कोणाचे नाव मुख्य न्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ सहकारी यांच्या डोळ्यांपुढे येणार? जो मोठ्या खटल्यांत उभा राहतो त्याचे. मोठे खटले कोणाला मिळतात? ज्याने नावाजलेल्या वकिलाच्या चेंबरमध्ये उमेदवारी केली त्याला. त्या चेंबरमध्ये प्रवेश कोणाला? ज्याच्या काकाची, मामाची, सासऱ्याची ओळख आहे त्याला. यात कोणी कोणाला जात विचारत नाही, विचारण्याची गरजच पडत नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून काही आकडे जाहीर केले, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. नोव्हेंबर २०२२ पासूनच्या अडीच वर्षांत हायकोर्टांसाठी मंजूर झालेली नावे २२१. त्यांत अनुसूचित जातीचे ८, अनुसूचित जमातीचे ७. आणि आजी-माजी न्यायाधीशांचे नातेवाईक १४. त्याआधी, मार्च २०२५ मध्ये, सरकारने राज्यसभेत सांगितले होते की, २०१८ पासून नेमलेल्या ७१५ हायकोर्ट न्यायाधीशांपैकी अनुसूचित जातीचे २२, जमातीचे १६ आणि इतर मागासवर्गीय ८९. आम्ही बी.कॉम. झालेलो, टक्केवारी काढल्याशिवाय हात थांबत नाही. बावीस म्हणजे शेकडा तीन. महाराष्ट्राच्या नामावलीत शंभरात तेरा बिंदू अनुसूचित जातीचे असतात. त्या हिशेबाने ७१५ ला त्र्याण्णव होतात.

आणखी एक गंमत सांगतो. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या भरती आणि बढतीसाठी प्रथमच आरक्षणाची नामावली लागू केली. अनुसूचित जातीला १५ टक्के, जमातीला साडेसात. देशभरच्या कचेऱ्यांतील नामावल्यांचे वाद ज्या न्यायालयाने सोडवले, त्याच्या स्वतःच्या कारकुनांना आणि शिपायांना नामावली मिळायला घटना लागू झाल्यापासून पंचाहत्तर वर्षे गेली. मिळाली याचा आनंदच आहे. न्यायाधीशांसाठी मात्र घटनेत आरक्षणाची तरतूद नाही, असे सरकार प्रत्येक वेळी संसदेत सांगते, आणि ते खरे आहे.

सर्वोच्च न्यायालयात अनुसूचित जातीचा पहिला न्यायमूर्ती आला डिसेंबर १९८० मध्ये, न्या. ए. वरदराजन. प्रजासत्ताकाला तेव्हा तीस वर्षे होऊन गेली होती. १९९३ च्या निकालपत्रातच न्या. रत्नवेल पांडियन यांनी दुर्बल घटकांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न मांडला होता, पण तो कागदावर राहिला. १९९८ च्या अखेरीस राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी नेमणुकीच्या फायलीवर शेरा लिहिला की, अनुसूचित जाती-जमातींतील आणि महिलांतील पात्र व्यक्तींचाही विचार व्हावा. जानेवारी १९९९ मध्ये ही बातमी फुटली तेव्हा केवढा गहजब झाला! गुणवत्तेला धक्का, राष्ट्रपतींनी मर्यादा ओलांडली, वगैरे. फायलीवरच्या एका शेऱ्याची किंमत कारकुनाला कळते. जून २००० मध्ये न्या. बालकृष्णन सर्वोच्च न्यायालयात आले.

सरकारच्या हाती दिले तर? तोही अनुभव आहे. कॉलेजियमने पुन्हा शिफारस केली की नेमणूक करणे सरकारवर बंधनकारक आहे, पण फाईल किती दिवसांत हलली पाहिजे याचा पाळला जाणारा नियम नाही. नाकारण्यापेक्षा फाईल दाबून ठेवणे नेहमीच सोपे. न्या. के. एम. जोसेफ यांनी उत्तराखंडचे मुख्य न्यायाधीश असताना २०१६ मध्ये तेथील राष्ट्रपती राजवट रद्द ठरवली. जानेवारी २०१८ मध्ये त्यांची सर्वोच्च न्यायालयासाठी शिफारस झाली, एप्रिलमध्ये सरकारने ती परत पाठवली, ऑगस्टमध्ये नेमणूक झाली तोवर दुसरे दोघे त्यांच्यापुढे गेले होते. निवृत्तीनंतरच्या पदांचे गाजर आहेच. न्या. रंजन गोगोई नोव्हेंबर २०१९ मध्ये सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाले आणि मार्च २०२० मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाले. ज्याच्याविरुद्ध खटला चालवायचा तोच पुढची खुर्ची देणार असेल तर लोकांनी काय समजायचे?

संसदेने २०१४ साली ९९ वी घटनादुरुस्ती करून सहा जणांचा नियुक्ती आयोग केला होता. सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन मान्यवर. या दोन मान्यवरांपैकी एक अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक किंवा महिला यांतून घ्यायचा होता. देशातल्या तीन चतुर्थांशाहून अधिक लोकांना मिळून एक खुर्ची! आणि सहापैकी कोणत्याही दोघांनी हरकत घेतली की नाव बाद. म्हणजे कायदामंत्री आणि त्यांचा एक माणूस पुरे. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी हा आयोग रद्द केला. आम्हांला त्याचे दुःख झाले नाही आणि आनंदही झाला नाही. किल्ली या खिशात की त्या खिशात, एवढाच तो वाद होता. दाराबाहेर आपला वकील मुलगा उभा आहे, त्याला आत यायचा रस्ता कोणता, यावर दोन्ही बाजूंनी फारसे कोणी बोलले नाही. आमची मागणी साधी आहे. विचारासाठी घेतलेल्या वकिलांची यादी कशी झाली, निकष कोणते होते, हे लिहून ठेवा. नातेसंबंध उघड करा. सरकारला हरकत असेल तर ती ठरावीक मुदतीत लेखी येऊ द्या. आणि बावीसचे त्र्याण्णव कसे होणार याचा जबाब दरवर्षी संसदेपुढे ठेवा.

न्या. गवई १४ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश झाले तेव्हा वस्तीत पेढे वाटले गेले. अमरावतीचे, दादासाहेब गवई यांचे चिरंजीव, या पदावरचे पहिले बौद्ध. २०१९ मध्ये त्यांनी सर्वोच्च न्यायालयाची शपथ घेतली तो दिवसही २४ मे होता. बाबासाहेबांच्या त्या भाषणाला त्या दिवशी बरोबर सत्तर वर्षे झाली होती. हा योगायोग आम्ही विहारात सांगितला तेव्हा टाळ्या पडल्या. पण त्याच बैठकीत एक तरुण उठून म्हणाला, "काका, उपवर्गीकरणाच्या निकालात त्यांनी आपल्याला क्रीमी लेयर लावा असं लिहिलंय, ते तुम्हांला चालतं का?"

त्याचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होते. १ ऑगस्ट २०२४ च्या निकालात न्या. गवई बहुमताच्या बाजूने होते आणि अनुसूचित जाती-जमातींतही क्रीमी लेयर ओळखावा असे त्यांनी आपल्या मतात लिहिले. आम्हांला ते मत पटलेले नाही. पण आम्ही त्या तरुणाला म्हणालो, "बाळा, ते आपले वकील नाहीत. आपल्याला न पटणारे लिहायची त्यांना भीती वाटली नाही, हेच तर आपण सरकारपुढच्या न्यायाधीशाकडूनही मागतो." नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांच्याच खंडपीठाने सांगितले की, आरोपी आहे म्हणून कोणाचे घर बुलडोझरने पाडता येणार नाही. त्या निकालातही ते कोणाचे वकील नव्हते. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी भर न्यायालयात एका वकिलाने त्यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला आणि त्यांनी कामकाज तसेच पुढे चालवले. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी ते निवृत्त झाले.

त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या खंडपीठाचा आणखी एक निर्णय आपल्या घरांपर्यंत पोहोचला आहे. २० मे २०२५ रोजी ठरले की, दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्यासाठी आधी तीन वर्षे वकिली केलेली असावी. कालपर्यंत पुस्तकात डोके घातलेला मुलगा आज लोकांच्या जमिनीचे आणि स्वातंत्र्याचे निकाल देऊ लागतो, हे बरे नव्हे, ही त्यामागची भूमिका चुकीची म्हणता येणार नाही. पण तालुक्याच्या कोर्टात नव्या वकिलाला तीन वर्षे काय मिळते, हे आपण जाणतो. ज्याच्या घरी आई धुणीभांडी करते त्याने कोट, गाडीभाडे आणि पुस्तके कशी भागवायची? खालच्या कोर्टात निदान परीक्षा आहे, आरक्षण आहे. आणि हायकोर्टाच्या काही जागा जिल्हा न्यायाधीशांतून भरल्या जातात. त्या शिडीची पहिली पायरीच उंच झाली.

आमच्या वस्तीतली दोन मुले गेल्या वर्षी सनद घेऊन आली, एक मुलगा आणि एक मुलगी. आम्ही मंडळापुढे हिशेब मांडला. दोघांचे तीन वर्षांचे गाडीभाडे आणि ग्रंथालयाची अनामत, १४ एप्रिलच्या वर्गणीतून बाजूला काढायची. त्यासाठी मिरवणुकीचा डीजे एका रात्रीवर आणावा लागेल. तरुण पोरे नाराज झाली. एकाने विचारले, "आणि ती दोघं पुढं सरकारी नोकरीत गेली आणि आपल्याला विसरली तर?" त्यावर ती मुलगीच म्हणाली, "न्यायाधीश झाले तर विसरावंच लागेल, दादा. खटला तुझा असला तरी." सगळे हसले, पण ठराव काही झाला नाही. पुढच्या रविवारी परत बैठक आहे.